शब्दांच्या चिठ्ठ्या आणि मुक्त डेटाबेस : मराठी शब्दसंग्रहाच्या दृष्टीने एक विवेचन

कोशकार्याचा इतिहास हा एका अर्थी चिठ्ठ्यांचा इतिहास होय. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत कोशाचे कार्य सुरू झाले, तेव्हा ग्रंथांतून शब्द वेचून प्रत्येक शब्द, त्याचा संदर्भ आणि त्याचा प्रयोग स्वतंत्र चिठ्ठीवर उतरविण्यात येऊ लागला. या चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटीच्या घरात गेली. कोशाच्या पहिल्या खंडाचा पहिला भाग प्रसिद्ध व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले. चिठ्ठीचा गुण असा, की ती सुटी असते आणि म्हणून क्रमात कोठेही घालता येते. तिचा दोषही याच गुणात दडलेला आहे. एक चिठ्ठी एका वेळी एकाच खणात राहू शकते. शब्दाच्या क्रमाने लावलेला संग्रह गावांच्या क्रमाने पाहावयाचा असेल, तर सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहाव्या लागतात.

ही अडचण संगणकीय डेटाबेसने दूर केली आहे. त्यासाठी मोठे यंत्र अथवा मोठा खर्च लागत नाही, ही गोष्ट मात्र आपल्या महाविद्यालयीन विभागांत अद्याप पुरेशी रुजलेली दिसत नाही. बोलींचा अभ्यास करणारा विद्यार्थी आपल्या नोंदी बहुधा लेखनाच्या किंवा हिशेबाच्या आज्ञावलीत ठेवतो. तो विभागातून बाहेर पडला, की त्या नोंदीही त्याच्याबरोबर जातात. प्रस्तुत लेखात लहान संग्रहांसाठी मुक्तपणे उपलब्ध असलेल्या डेटाबेस-आज्ञावल्यांचे स्वरूप सांगून, मराठी मजकूर त्यांत ठेवताना कोणते भाषिक प्रश्न उपस्थित होतात याचा विचार केला आहे. यांतील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कारण आज्ञावली विनामूल्य मिळाली, तरी मराठीचे ज्ञान तिच्यासोबत मिळत नाही.

एक उदाहरण : माटुंग्याचा बाजार

विवेचनाच्या सोयीसाठी मुंबईतील माटुंग्याचे उदाहरण घेऊ. १८८७ साली स्थापन झालेली आणि १९२३ पासून येथे असलेली व्हीजेटीआय, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली आजची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि १९३७ साली निघालेले रुईया महाविद्यालय यांमुळे हा परिसर विद्येचे केंद्र म्हणून ओळखला जातो. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तो वेगळ्या कारणासाठी मोलाचा वाटेल. मराठी, तमिळ, कन्नड, मल्याळम, गुजराती, कच्छी आणि कोंकणी बोलणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत, आणि या सर्व भाषा येथील फुलबाजारात व भाजीबाजारात रोज एकमेकींना भेटतात.

समजा, या बाजारातील वस्तूंची नावे एका विद्यार्थ्याने गोळा करावयाचे ठरविले. तो ‘शेवगा’ हा शब्द नोंदवितो. कोकणातून आलेली गृहिणी त्याच शेंगेला ‘शेगट’ म्हणते. गुजराती गिऱ्हाईक ‘सरगवो’ मागते. तमिळ गिऱ्हाईक ‘मुरुंगक्काय’ आणि कन्नड गिऱ्हाईक ‘नुग्गेकाय’ म्हणते. वस्तू एक आणि नावे पाच. प्रत्येक नावाला पुन्हा भाषा, बोलणाऱ्याचे वय, नोंदीचे स्थळ व दिनांक असे तपशील जोडावयाचे असतात. हे सारे एकाच मोठ्या तक्त्यात भरले, तर एकाच व्यक्तीचे वय व मूळ गाव तिने सांगितलेल्या प्रत्येक शब्दापुढे पुनःपुन्हा लिहावे लागते. आणि एके ठिकाणी झालेली चूक सुधारली, तरी उरलेल्या ठिकाणी ती तशीच राहते.

या पुनरुक्तीवरील उपाय एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतून मांडला. सामग्री स्वतंत्र तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांमधील संबंध समान क्रमांकांच्या आधारे व्यक्त करावेत, हे त्याचे सार होय. आपल्या उदाहरणात चार तक्ते पुरतील : वस्तू, भाषा, व्यक्ती आणि शब्दनोंद. शब्दनोंदीच्या तक्त्यात शब्द लिहावयाचा, आणि वस्तू, भाषा व व्यक्ती यांचे केवळ क्रमांक द्यावयाचे. मग ‘साठ वर्षांवरील मराठी भाषकांनी शेवग्याला कोणते शब्द वापरले?’ असा प्रश्न ‘एस्क्यूएल’ या प्रश्नभाषेत विचारता येतो, आणि तोच संग्रह क्षणात वस्तूच्या, भाषेच्या अथवा वयाच्या क्रमाने पाहता येतो. चिठ्ठी जणू एकाच वेळी सर्व खणांत जाऊन बसते.

‘मुक्त’ आणि ‘विनामूल्य’

या कामासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या मुक्त आहेत असे म्हटले जाते. इंग्रजीत या अर्थी वापरला जाणारा शब्द ‘स्वतंत्र’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थांचा वाचक असल्याने तेथे नेहमी खुलासा करावा लागतो. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘विनामूल्य’ हे दोन निराळे शब्द असल्यामुळे ती अडचण नाही. विनामूल्य आज्ञावली पैसे न देता वापरता येते. परंतु तिची घडण गुप्त असू शकते आणि उद्या तिला मूल्यही लागू शकते. मुक्त आज्ञावलीची घडण वाचता येते, बदलता येते आणि इतरांना देता येते. कोशकार्यासारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या कामाला हा भेद निर्णायक ठरतो. मराठी अक्षरांचे टंक पूर्वी निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या खासगी संकेतांनुसार बनविले होते. त्या काळात टंकित केलेला पुष्कळ मजकूर विशिष्ट टंक हाताशी नसल्यास आज अर्थहीन चिन्हांच्या रूपाने समोर येतो. कागदावरील चिठ्ठी शंभर वर्षांनीही वाचता येते. संगणकावरील नोंदीला तेवढे आयुष्य हवे असेल, तर तिचा संकेत सार्वजनिक असला पाहिजे.

तीन आज्ञावल्या

लहान संग्रहासाठी मुख्यतः तीन मुक्त आज्ञावल्यांचा विचार करावा लागतो.

पहिली ‘एस्क्यूलाइट’. ती डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केली आणि तिच्यावरील सर्व हक्क सोडून देऊन ती सार्वजनिक मालकीची केली. तिला स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. ज्या कार्यक्रमाला संग्रहाची गरज असते, त्याच्यातच ती सामावलेली असते, आणि संपूर्ण संग्रह एकाच फाइलमध्ये राहतो. हातातील मोबाइल दूरध्वनीतही ती असते. वापरणाऱ्याला तिचे नाव ठाऊक नसते, एवढेच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सामग्रीच्या जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत तिच्या फाइलचा समावेश केला आहे. तिची मर्यादा अशी, की वाचणारे अनेक असले तरी एका क्षणी लिहिणारा एकच असू शकतो. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला ही मर्यादा सहसा जाणवणार नाही. कारण एका नोंदीचे लेखन क्षणार्धात पूर्ण होते. मात्र ही फाइल जाळ्यावरील सामाईक फोल्डरमध्ये ठेवून अनेक यंत्रांवरून एकदम उघडणे धोक्याचे आहे.

दुसरी ‘मारियाडीबी’. मायकेल विडेनियस व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली ‘मायएस्क्यूएल’ ही आज्ञावली प्रसृत केली. ती पुढे सन कंपनीकडे आणि २०१० साली सनसह ओरॅकल कंपनीकडे गेली. हा व्यवहार दृष्टिपथात असतानाच, २००९ साली, विडेनियस यांनी तिच्यातून मारियाडीबीची स्वतंत्र शाखा काढली. या दोन्ही नावांमागे त्यांच्या ‘मी’ व ‘मारिया’ या दोन मुली आहेत. मालकी बदलली तरी मुक्त आज्ञावलीची परंपरा कशी अखंड राहू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

तिसरी ‘पोस्टग्रेस’. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून ती निघाली आणि १९९६ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. नियमांच्या काटेकोरपणाबद्दल तिची ख्याती आहे. मारियाडीबी व पोस्टग्रेस या दोन्ही सर्व्हरच्या स्वरूपात चालतात. म्हणजे एका यंत्रावर त्या सतत जाग्या राहतात आणि इतर यंत्रांवरून आलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात.

असे यंत्र मोठे असावे लागते, हा समज चुकीचा आहे. देवनागरी अक्षराचा प्रत्येक घटक युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत तीन बाइट जागा घेतो. एका नोंदीला सर्व तपशिलांसह पाचशे बाइट लागले असे धरले, तर एक लाख नोंदींचा संग्रह पाच कोटी बाइटांत, म्हणजे सुमारे पन्नास मेगाबाइटांत मावतो. विभागातील जुना संगणक अथवा २०१२ पासून मिळू लागलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही त्यासाठी पुरेसा होतो.

क्रमाचा प्रश्न

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला एक क्रमांक दिलेला आहे. वेगळी सूचना दिली नसेल, तर एस्क्यूलाइट शब्दांची क्रमवारी या क्रमांकांवरून लावते. ‘ल’चा क्रमांक २३५४, ‘ळ’चा २३५५ आणि ‘ह’चा २३६१ आहे. त्यामुळे यंत्राने लावलेला क्रम ‘बल, बळ, बस, बहर’ असा येतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून अपेक्षित क्रम ‘बल, बस, बहर, बळ’ असा आहे.

याहून ठळक उदाहरण ‘ॲ’चे आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, आणि ते उशिरा आल्यामुळे त्याला २४१८ हा शेवटाकडील क्रमांक मिळाला. परिणामी ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द स्वरांमध्ये न येता ‘हौस’ आणि ‘ह्रस्व’ यांच्याही पुढे, संग्रहाच्या शेवटी जाऊन पडतो. कोश चाळणारा वाचक तो तेथे शोधणार नाही. आणि जो शब्द शोधल्या जागी सापडत नाही, तो कोशात नसल्यासारखाच होय.

पोस्टग्रेसमध्ये २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक भाषेचे क्रमनियम बाळगणाऱ्या ‘आयसीयू’ या मुक्त ग्रंथालयाचा उपयोग करता येतो. त्यात मराठीसाठीही नियम आहेत. तरीही ‘क्ष’ व ‘ज्ञ’ शेवटी घ्यावयाचे की ‘क’ व ‘ज’ यांच्याखाली, अनुस्वार कोठे मानावयाचा, याविषयी खुद्द कोशकारांच्याही पद्धती भिन्न आहेत. म्हणून संपादकाने आपला क्रम आधी निश्चित करावा आणि शंभरेक शब्दांची चाचणी-यादी करून यंत्राचा क्रम तिच्याशी ताडून पाहावा, हे उत्तम.

दिसण्यात एक, लेखनात अनेक

क्रमाची चूक निदान डोळ्यांना दिसते. पुढील चूक दिसतही नाही. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र क्रमांकाने लिहिता येते, तसेच ‘अ’पुढे अर्धचंद्राचे चिन्ह टंकूनही उमटविता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत, आणि युनिकोडच्या समरूपीकरणाच्या नियमांनीही ते एक होत नाहीत. एका विद्यार्थ्याने एका रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने नोंद केली, तर शोध घेणाऱ्याला अर्धाच संग्रह दिसतो आणि उरलेला अर्धा आहे याचा त्याला पत्ताही लागत नाही.

असाच प्रकार ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ यांतील अर्ध्या रकाराचा आहे. तो लिहिण्याच्या तीन रीती संभवतात : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने; ‘र’ व त्याखालील नुक्ता यांनी; अथवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी. पहिल्या दोन रीती समरूपीकरणाने एक होतात. तिसरी होत नाही. येथे उतावीळपणे केलेला उपाय रोगाहून भयंकर ठरतो. अदृश्य चिन्हे ही केवळ कचरा आहेत असे मानून ती सरसकट काढून टाकणाऱ्या आज्ञा पुष्कळदा दिल्या जातात. तसे केले, की तिसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरांमधील दऱ्या नाहीशा होऊन त्यांच्या जागी समुद्र येतो. आचाऱ्यांना दिलेले आमंत्रण आचार्यांना जाते. हा भेद अर्थभेदक आहे आणि तो मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत खोल रुजलेला आहे. तो जाणणारा माणूस जवळ नसेल, तर यंत्र तो मुकाट्याने पुसून टाकते. यासाठी समरूपीकरण करताना तिसऱ्या रीतीचे पहिल्या रीतीत रूपांतर आधी करावे, आणि मगच उरलेल्या अदृश्य चिन्हांचा विचार करावा.

जुन्या ग्रंथांतून शब्द घेताना अनुस्वारांचा प्रश्न येतो. १९६२ साली मान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘नाहीं’, ‘केलें’, ‘तें’ अशी रूपे आहेत. ‘नाही’ असा शोध घेतल्यास यंत्राला ‘नाहीं’ सापडत नाही. म्हणून मूळ नोंदीतील अनुस्वार काढावेत काय? तसे करणे गैर होईल. काही बोलींत नासिक्य उच्चार आजही ऐकू येतो, आणि तेथे तो अनुस्वार हाच पुरावा असतो.

शोध आणि मोडी

आणखी दोन अडचणींचा निर्देश आवश्यक आहे. एस्क्यूलाइटमध्ये मजकुरातील शब्द शोधण्यासाठी ‘एफटीएस’ नावाची सोय आहे. तिच्या पाचव्या आवृत्तीचा नेहमीचा शब्दविभाजक केवळ अक्षरे व अंक यांनाच शब्दाचे घटक मानतो; युनिकोडच्या वर्गीकरणात मात्रा व वेलांट्या ‘चिन्ह’ या निराळ्या वर्गात मोडतात. त्यामुळे ‘कमळ’ अखंड राहते, परंतु ‘किनारा’ या शब्दाचे ‘क’, ‘न’, ‘र’ असे तुकडे होतात. स्वरचिन्ह हा अक्षराचा अविभाज्य भाग आहे, हे बाराखडी शिकलेल्या मुलास ठाऊक असलेले तत्त्व यंत्रास मुद्दाम सांगावे लागते. तक्ता बनवितानाच चिन्हांचा वर्ग शब्दघटक म्हणून घोषित केला, की हा दोष दूर होतो.

दुसरी अडचण मोडीची. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. तिचे क्रमांक ७११६८ पासून सुरू होतात. इतक्या मोठ्या क्रमांकाच्या वर्णाला चार बाइट लागतात. मायएस्क्यूएल व तिच्या शाखेत ‘यूटीएफ-८’ या नावाखाली दीर्घकाळ मिळणारा संकेत वर्णाला तीनच बाइट देणारा होता. देवनागरी त्यात नीट बसते. म्हणून दोष लक्षात येत नाही. मोडी मजकूर मात्र नाकारला जातो अथवा मध्येच तुटतो. चार बाइटांचा संकेत सुरुवातीपासून निवडणे हाच यावरील उपाय होय.

तीन रकान्यांची रीत

वरील सर्व प्रश्नांवर एक साधी रीत सुचविता येते. प्रत्येक शब्दासाठी तीन रकाने ठेवावेत. पहिल्यात शब्द जसा मिळाला तसाच, काना-मात्रेचाही फरक न करता लिहावा, आणि तो पुढे कधीही बदलू नये. दुसऱ्यात शोधासाठी समरूप केलेले लेखन असावे. ‘नाहीं’ व ‘नाही’ येथे एकत्र येतील. तिसऱ्यात क्रमासाठी केलेली सांकेतिक किल्ली असावी. ‘ळ’ला ‘ह’नंतरचे आणि ‘ॲ’ला स्वरांतील स्थान येथे द्यावे. दुसरा व तिसरा रकाना पहिल्यावरून यंत्राकरवी तयार करून घेता येतो. म्हणून नियम बदलला तर ते दोन्ही पुन्हा बनविता येतात. ही रीत वरील तिन्ही आज्ञावल्यांत सारखीच चालते.

ही कल्पना नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत संपादकांनी निश्चित केलेली संहिता वर आणि हस्तलिखितांतील पाठभेद तळाशी छापलेले आहेत. संपादकाचा निर्णय वाचकापुढे येतो. परंतु ज्या पुराव्यावरून तो घेतला, तोही वाचकापासून लपविला जात नाही. डेटाबेसचा पहिला रकाना हे त्या पाठभेदांचेच स्थान होय.

जतन आणि जबाबदारी

संग्रह स्वतःच्या यंत्रावर असला, की त्याच्या जतनाची जबाबदारीही स्वतःवर येते. लेखन चालू असताना फाइलची साधी नक्कल केल्यास ती सदोष निघू शकते. यासाठी आज्ञावलीतच दिलेली प्रत काढण्याची सोय वापरावी. एक प्रत विभागाच्या इमारतीबाहेर असावी, आणि वर्षातून एकदा तरी प्रतीवरून संग्रह पुन्हा उभा करून पाहावा. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या शहरात तळमजल्यावरील एकुलत्या यंत्रावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

दुसरी जबाबदारी शब्द देणाऱ्या माणसांची आहे. बाजारातील भाजीविक्रेतीने आपले वय, गाव आणि मातृभाषा विश्वासाने सांगितलेली असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला. परंतु कायद्याआधीही हा विश्वास पाळणे अभ्यासकाचे कर्तव्यच होते. व्यक्तीचा तक्ता निराळा असल्यामुळे तो बंद ठेवून शब्दांचा तक्ता खुला करता येतो. तक्ते वेगळे ठेवण्याचा हा नैतिक लाभ होय.

मोल्सवर्थ यांचा १८५७ सालचा कोश आणि दाते-कर्वे यांचा १९३२ पासून निघालेला महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही आज शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात शोधता येतात. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणाचे खंड १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने अलीकडे केलेल्या सर्वेक्षणाची सामग्रीही खुली झाली आहे. मोठ्या संस्थांचे हे कार्य आहे. गल्लीतील, बाजारातील, एका पिढीपुरते उरलेले शब्द मात्र लहान विभागांनीच वेचावयाचे आहेत. त्यासाठी लागणारे साधन आज विनामूल्य आणि मुक्त आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील भेद त्या साधनाला शिकविण्याचे काम तेवढे मराठीच्या अभ्यासकाला करावे लागेल.